आबांचे शुक्रवार

तोताराम मंगळवारी दुपारी भुसावळच्या एस.टी.तून सावद्याला उतरला, तेव्हा त्याच्या हातात एक हिरवी लोखंडी पेटी होती. जाताना तो अंगावरच्या कपड्यांनिशी गेला होता. लताबाईनं दारातूनच ती पेटी पाहिली, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि पदर तोंडाशी नेला. शनिवारी केळी बाहेरगावी पाठवणाऱ्या ग्रुपच्या ऑफिसात आलेला फोनवरचा निरोप चुकीचा निघेल, आपल्या नणंदेबद्दल नव्हे, दुसऱ्याच कुणा सुगंधाबद्दल असेल, अशी वेडी आशा तिनं तीन दिवस धरून ठेवली होती. ती तिथंच संपली.

ओट्यावर उखर्डू आबा बसले होते. काचबिंदूनं डोळे जाऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. पण पाऊल वाजलं की माणूस ओळखत.

"तोता का रे?"

"हाव, आबा."

"तीन दिस लागले?"

"दिल्लीची गाडी अडकली होती. माल उतरवून घ्यावा लागला."

"हातात काय हाये? पाय जड पडून राह्यले तुये."

"पंपाचं सामान हाये," तोताराम म्हणाला आणि घरात शिरला. माजघरात पेटी ठेवून तो तिच्यावरच बसला. लताबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यानं घेतला नाही. बाहेर आबा कुणाला तरी सांगत होते, "पोरगं आलं माह्यं. थकेल दिसतं."

घरात रडायची सोय नव्हती. आबांचे कान फार तिखट होते.

बुधवारी बोदवडहून बेबाबाई आली. तोतारामची धाकटी बहीण. आबांना तिनं सांगितलं, सहज आले, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, दोन आठवडे आधीच. मग तिघं शेतात गेली. केळीच्या बागेत, पंपाच्या खोलीमागं बसल्यावर तोतारामनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"शनिवारी सकाळी अक्का मेकप करून खुर्चीत बसली होती. शॉटला हाक मारली तर उठली नाही. हृदय बंद पडलं म्हणे. मी पोचलो तर कपाळावर ते गोंदण तसंच होतं. मालिकेतल्या सुईणीचं. पेन्सिलीनं काढेल. मी पुसायला गेलो, तर शेजारची बाई म्हणे, राहू द्या दादा, चांगलं दिसतंय त्यांना."

"कोन कोन आल्तं?" बेबाबाईनं विचारलं.

"पंधरा-वीस माणसं. नावाजलेलं कोणी नाही. मेकपवाले, लाइटवाले, तिच्यासारख्याच दोन-तीन बाया. एकजणी मला म्हणे, ताई सात वेळा माझी सासू झाल्या होत्या हो, आणि खूप रडली. मुंबईच्या एका पेपरात चार ओळी आल्या. जळगावच्या पेपरात तेवढ्याही नाही."

बेबाबाई पदर तोंडात कोंबून रडली. एकवीस वर्षं तिनं थोरल्या बहिणीचं नाव सासरी घेतलं नव्हतं. टीव्हीवर सुगंधा दिसली आणि कुणी विचारलं की, ही तुमच्या सावद्याची का हो, तर ती म्हणे, आडनाव-बिडनाव जुळत असेल. सुगंधानं पडद्यासाठी आडनाव लावलं होतं सावदेकर. ते नाकारणंही सोपं नव्हतं.

"आबाले सांगा लागीन, भाऊ," ती डोळे पुसून म्हणाली. "बाप हाये. सुतक हाये त्याले. बापाले न सांगता लेकीचा दहावा करशीन का तू?"

लताबाई भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, दहावी झालेली. सासऱ्यांचं सगळं तीच बघे. ती म्हणाली, "ताई, सुगंधाताईंच्या मालिकेचे तीन भाग राहिलेत. तीन शुक्रवार. तेवढे त्यांना ऐकू द्या. माणूस आठवडाभर त्या अर्ध्या तासासाठी जगतंय."

"मेलेल्या लेकीचा आवाज आयकवशीन त्याले?"

"त्यांच्यासाठी ती जिवंत आहे ना अजून."

"अन् आखाजीले काय सांगशीन? त्यानंच बोलावलं तिले."

ते खरंच होतं. फाल्गुनात एकदा जेवता जेवता आबा म्हणाले होते, "आखाजीले लेकीबाई माहेरी येतात. बेबी येईन. आखीन जी येईन ती येईन." एवढंच. नाव नाही. पण तोताराम घास तसाच टाकून उठला आणि त्यानं मुंबईला पत्र लिहिलं. उत्तर आठ दिवसांत आलं. त्यात एकच ओळ होती, 'येते, आबांना सांगू नकोस, मीच ओट्यावर येऊन बोलेन.'

"तीन शुक्रवार," तोताराम शेवटी म्हणाला. "मग मी सांगतो. माझ्या तोंडानं."

बेबाबाई मानेनं नाही म्हणत राहिली. पण दोघं एकीकडं होती.

गुरुवारी दुपारी आबा झोपले असताना दोघी नणंद-भावजयींनी पेटी उघडली. वर साबणाचा आणि पावडरीचा वास. आत साड्यांचे गठ्ठे, प्रत्येक गठ्ठा जुन्या ओढणीच्या पट्टीनं बांधलेला, आणि पट्टीत खोचलेली चिठ्ठी. अक्षर सुगंधाचं. 'आई – खेड्यातली.' 'आई – शहरातली.' 'सासू.' 'मोलकरीण.' 'नर्स.' 'कोळीण.'

"हे काय व?" बेबाबाईनं विचारलं.

"कपडे आपापलेच न्यावे लागतात त्यांना. छोट्या कामाच्या बायांना कंपनी देत नाही. मला एकदा त्यांनी सांगितलं होतं." लताबाईनं चिठ्ठी परत पट्टीत खोचली. "बारा वर्षांपूर्वी. आम्ही नाशिकला गेलो होतो म्हणून सांगितलं ना तुम्हाला, तेव्हा मुंबईला गेलो होतो."

बेबाबाईनं भावजयीकडं पाहिलं. म्हणजे ही भेटली होती. ही परक्या घरातली असून भेटली होती, आणि आपण पाठची बहीण.

"सांग मले," ती म्हणाली. "काय काय केलं तिनं, मले काही माहीत नाही."

मग लताबाई हळू आवाजात सांगत बसली. धुळ्याला नवऱ्याचं घर सोडून सुगंधा मुंबईला गेली तेव्हा चोवीस वर्षांची होती. पहिल्या सिनेमात नायिकेची मैत्रीण. झोका देते आणि एकदा हसते. मग वहिनी. तिशीतच तिच्या डोक्याला पांढरं लावलं आणि नायकाची आई केलं. नायक तिच्याहून दोन वर्षांनी मोठा होता. हिंदीत नर्स, आया, आदिवासी म्हातारी. एका सिनेमात तीन तास चितेजवळ उभी राहिली आणि फिल्म कापून कापून पडद्यावर तिचा हात तेवढा उरला. विनोदी सिनेमांत खाष्ट घरमालकीण झाली, तिला केरसुणीनं मार बसायचा आणि थेटर हसायचं. सावद्याच्या बाजारात सरकारची गाडी पांढरा पडदा लावून कुटुंबनियोजनाची फिल्म दाखवायला आली, त्यातली चार पोरांची थकलेली बाई सुगंधाच होती. सगळ्या गावानं पाहिली. त्यानंतर आबा आठ दिवस ओट्यावर बसले नाहीत.

"तुमचे भाऊ जळगावला जायचे थेटरात," लताबाई म्हणाली. "सुगंधाताईंचं काम झालं की उठून यायचे. सत्तावीस सिनेमे पाहिले. मला म्हणायचे, आज अक्का मेली. आज अक्काला सुनेनं हाकललं. आज अक्काला बोलायला मिळालं."

गठ्ठ्यांत सगळ्यात जाड गठ्ठा पांढऱ्या लुगड्यांचा होता. 'विधवा.' त्याच्याखाली, अगदी तळाशी, एक छोटा गठ्ठा. चिठ्ठीवर लिहिलेलं 'सावदा.'

आत एक हिरवी इरकली साडी, घडी न मोडलेली, आणि धोतराचा नवा जोड.

बेबाबाईनं धोतर उचललं, परत ठेवलं, परत उचललं. "हे आबाले द्या लागीन," ती म्हणाली. "मी सांगते त्याले. उद्या सांगते. मंग मले काही म्हना."

पण दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता.

शुक्रवारी आबा दुपारपासूनच बेचैन असत. पाच वाजता दाढी करून घेत. सहाला हात-पाय धूत. साडेसातला मालिका लागे. पण सातलाच टीव्हीसमोरच्या खाटेवर येऊन बसत, पाठ सरळ करून, पाहुणा यायचा असावा तसे. 'त्या सुईणबाईचं चांगलं असतं,' एवढंच म्हणत. घरातलं कुणी त्याहून जास्त बोलत नसे.

माघात पहिल्यांदा तो आवाज कानावर आला तेव्हा ते भाकरी खात होते. टीव्हीवर कोण कोण बोलत होतं, त्यांचं लक्ष नव्हतं. आणि एका बाईनं म्हटलं, "दार उघडा, पाणी तापवा." आबांचा हात थांबला. तो आवाज ओळखण्यात ते फसणं शक्य नव्हतं. लहानपणी हीच पोरगी मामलेदाराची, म्हशींच्या व्यापाऱ्याची, मेलेल्या आजीची नक्कल करी आणि ते पोट धरून हसत. धुळ्याला ती नाटकात काम करते असं कळल्यावर ते संतापून गेले होते. नाट्यगृहाच्या बंद दाराशी उभे राहिले. आत तीच बोलत होती. आणि मग टाळ्या पडल्या. इतक्या टाळ्या, की त्यांना आत जाऊन तिला ओढून आणायचा धीर झाला नाही. ते परत फिरले. घरी येऊन म्हणाले, भेटली नाही. पुढं तिनं नवरा सोडला, मुंबई गाठली, आणि रागावणं सोपं झालं. टाळ्यांचं मात्र त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या-चौथ्या भागापासून त्या सुईणीच्या बोलण्यात सावद्याचे शब्द येऊ लागले. बाकीची पात्रं पुस्तकातलं बोलत, आणि ही मध्येच म्हणे, "काहाले रडतं व माय, उगी राह्य." आबा समजले. तोतानं कळवलं असणार, की मी ऐकतो. ती बाळंतिणीशी बोलत नव्हती. ती या खाटेशी बोलत होती.

आज सुईण एका अडलेल्या पोरीजवळ बसली होती. "भिऊ नको," तिचा आवाज आला. "मी अठीच हाये. कुठी जात नाही."

"हाव," आबा हळूच म्हणाले.

कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून म्हणाले. पण बेबाबाई खाटेला टेकूनच बसली होती. तिनं वर पाहिलं. बापाचा असा चेहरा तिनं आयुष्यात पाहिला नव्हता. डोळे मिटलेले, मान किंचित पुढं, ओठ सुईणीच्या वाक्याबरोबर हलत होते. बेबाबाईच्या मांडीवर धोतराची पिशवी होती. ती तिनं पाठीमागं सरकवली.

मालिका संपली. आबा खुशीत होते. "लता," त्यांनी हाक दिली, "औंदा आखाजीले खापरावरचे मांडे करजो. तुले जमतात न? लय वर्सांनी कोनी खाईन."

"जमतात, आबा," लताबाई म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिली.

बेबाबाई मागोमाग आली. "वहिनी, मले नाही सांगता येनार. तुमचंच बरोबर हाये. राहू द्या त्याले असं."

"नाही ताई," लताबाई वळली. "माझं चुकलं. मांडे कुणासाठी करू मी? तो माणूस वाट बघतोय. आपण त्याला फसवतोय. उद्याच सांगा."

"तूच म्हनलं होतं, तीन शुक्रवार."

"तेव्हा त्यांचा चेहरा पाहिला नव्हता मी."

"मी आता पाहिला ना," बेबाबाई म्हणाली. "म्हनूनच म्हनते."

दोघींनी बाजू बदलल्या आणि तरी काही ठरलं नाही. तोताराम दाराशी उभा राहून ऐकत होता. दोघींपैकी कुणालाही त्याला बरोबर म्हणता येईना.

सोमवारी दहावा. आबांना सांगितलं की तिघं भुसावळच्या बाजारात चाललीत. तापीच्या काठी भटजींनी विचारलं, "वडील आहेत का?" तोताराम म्हणाला, "आहेत." "मग आले नाहीत?" "डोळ्यांनी दिसत नाही," तो म्हणाला. खोटं नव्हतं. त्यानं खाली बघतच पिंड ठेवला. कावळा लगेच शिवला. बेबाबाईला त्याचं बरं वाटलं नाही. अक्कानं थोडं अडवून धरलं असतं तर, असं तिला वाटून गेलं. येताना तिघांनी खरंच बाजार केला, पुरावा म्हणून. आणि आबांच्या हातात काकड्यांची पिशवी दिली.

पुढचा शुक्रवार आला. ऊन इतकं की साडेसातलाही भिंती पोळत होत्या. आबांनी दाढी केली, हात-पाय धुतले, सातला खाटेवर येऊन बसले. तोताराम बाजूला, लताबाई उंबऱ्याजवळ, बेबाबाई खाली खाटेला टेकून. नावं पडद्यावरून गेली. रेड्याच्या पाठीवर बसलेलं एक पोर, विहीर, पाटलाचं घर. आणि दारातून सुईण आली. कपाळावर तेच गोंदण, हातात कंदील. लताबाईनं डोळे भरून पाहिलं. सुगंधानं उंबऱ्यात थांबून आत नजर टाकली, ओठ हलले.

"काय झालं बाई? कधीपासून दुखतंय?"

आबांची मान झटक्यात वर झाली.

"कोन बोललं?"

लताबाईनं तोतारामकडं पाहिलं.

"तुम्ही पाणी तापवा, मी बघते," पडद्यावरची सुईण म्हणाली. स्वच्छ, शहरी, तरुण आवाज. तोंड सुगंधाचं हलत होतं.

"सुईण नाही आली का आज?"

"आली ना, आबा," बेबाबाई घाईनं म्हणाली. "हे काय, बोलून राह्यली."

"ही?" आबा म्हणाले. "ही ती नाही."

तोतारामला आता समजलं. स्मशानातून परतताना मालिकेचा एक माणूस त्याला म्हणाला होता, दोन भागांचा आवाज भरायचा राहिलाय, दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ, काळजी करू नका. त्या वेळी त्याच्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. चित्र आधी काढतात आणि आवाज मागून देतात, हे त्याला कुठं माहीत होतं.

"तोता," आबा म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "तिचं तोंड दिसतं का?"

"दिसतं."

"तोंड तिचं अन् आवाज दुसरीचा."

"हाव."

पडद्यावर कुणीतरी धावत होतं. मग आबांनी विचारलं, "कधी?"

तोताराम खाटेवरून उठला आणि बापाच्या पायाशी बसला. "तेरा दिवस झाले, आबा. तीन दिवस मी तिकडंच होतो. मीच अग्नी दिला."

"मी अडवलं यांना," लताबाई म्हणाली.

"मीबी," बेबाबाई म्हणाली.

आबांनी हात हलवला. कुणाची चूक, ते त्यांना नको होतं. "तो आवाज बंद कर," ते म्हणाले. "चित्र ऱ्हाऊ दे."

लताबाईनं बटण फिरवलं. खोलीत फक्त पंख्याची घरघर राहिली.

"आता सांगा मले. काय करून राह्यली?"

बेबाबाईनं पडद्याकडं पाहिलं. तिला काही दिसेना, डोळे भरले होते. ते तिनं दोन्ही हातांनी पुसले. "खाली बसली, आबा. पोरीच्या उशाशी. तिच्या कपाळावरून हात फिरवते."

"केस कसे हायेत?"

"पिकले."

"खरे का रंगवेल?"

"खरे," लताबाई म्हणाली. "पत्रात लिहिलं होतं त्यांनी, दोन वर्षांपासून रंगवावे लागत नाहीत."

"वाळली का?"

"नाही. भरली होती. गालावर मांस आलं होतं. तुमच्यासारखी हनुवटी."

"माही नाही," आबा म्हणाले. "ती तिच्या आजीची." मग, "आता?"

"आता उठली. दिवा मोठा केला. हसली, आबा. मूल झालं वाटतं. हातात घेतलं. नाळ कापते. आता आंघोळ घालते त्याले. पायावर पालथं घेतलं."

"नीट घेतलं का?"

"नीट घेतलं."

सुगंधाला स्वतःचं मूल कधी झालं नव्हतं, हे चौघांनाही ठाऊक होतं. बेबाबाई सांगत राहिली. पदर कसा खोचला, कंबरेत किल्ल्या आहेत, बाळाला आईकडं देताना कशी वाकली. आबा मध्ये मध्ये विचारत. एकवीस वर्षांचं सगळं त्यांना त्या वीस मिनिटांत विचारायचं होतं. मग चित्र बदललं, पाटलाचा वाडा आला, माणसं आली.

"आता नाही दिसत, आबा. संपलं वाटतं."

"बरं," आबा म्हणाले.

ते खाटेची कड धरून उठले. तोताराम हात द्यायला पुढं झाला. त्यांनी घेतला नाही. "लता, न्हानीत पानी काढ. थंडंच. आंघोळ करा लागीन मले."

ते ऐकलं मात्र, आणि बेबाबाईनं हंबरडा फोडला. "अक्का व! माही अक्का!" तेरा दिवस पदरात कोंबलेलं रडणं उघड्या दारातून गल्लीत गेलं. लताबाईनं तिला मिठी मारली आणि तीही मोठ्यानं रडू लागली. समोरच्या घरातून धुरपदाबाई कणकेच्या हातांनीच धावत आली, तिच्यामागं आणखी दोघी.

"काय झालं व? कोन गेलं?" धुरपदाबाई दारात थबकली.

तोतारामनं तोंड उघडलं. पण आबांनी त्याला थांबवलं. भिंतीला हात लावून ते दारापर्यंत आले, आवाज आला त्या दिशेला तोंड केलं, आणि डोक्यावरची टोपी काढली.

"मोठी लेक गेली माही," ते म्हणाले. "सुगंधा. मुंबईले राहे."